पोटखराब्यातली घाणेरी

आमच्या सातबाऱ्यावर तीन एकर जमिनीपैकी जवळजवळ एक एकर 'पोटखराबा' म्हणून नोंदलेली आहे. लागवडीस अयोग्य, असा त्या शब्दाचा महसुली अर्थ. पौडच्या पुढे, मुळशी तालुक्यातल्या एका डोंगराच्या उतारावर ही जमीन आहे. तिचा वरचा भाग कातळाचा आणि मुरमाचा, मधला वरकस, म्हणजे एके काळी जिथे नाचणी-वरई घेतली जाई असा, आणि खालच्या अंगाला पावसाळ्यात वाहणारा एक ओहोळ. सहा वर्षांपूर्वी मी नोकरीतून निवृत्त झाले आणि बऱ्याच वर्षांनी ही जमीन नीट फिरून पाहायला गेले, तेव्हा फिरणे शक्यच नाही हे पहिल्या दहा मिनिटांत कळले. बांधापासून कातळापर्यंत घाणेरी माजली होती. डोक्याच्या वर गेलेली, एकमेकींत गुंतलेली, ऐनाच्या झाडांवर चढून त्यांच्या फांद्यांवरून खाली लोंबणारी. कागदावर एक एकर पोटखराबा होता. प्रत्यक्षात तिन्ही एकर पोटखराबा झाला होता.

पुण्यात राहणाऱ्या माणसाला घाणेरीची ओळख करून द्यावी लागत नाही. वेताळ टेकडीवर सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या वाटेला ती असते, कात्रजच्या घाटात असते, सिंहगड चढताना हातावर ओरखडा उठतो तो पुष्कळदा तिचाच असतो. कोणी तिला टणटणी म्हणतात. पान चुरगळले की जो उग्र वास येतो त्यावरून आपल्या लोकांनी तिला घाणेरी हे नाव दिले. लहानपणी मात्र ती मला फार आवडत असे. मध्ये पिवळा आणि कडेला गुलाबी किंवा केशरी असा तो फुलांचा इवलासा गुच्छ, त्यातले एकेक फूल उपटून नळीतला थेंबभर गोडवा आम्ही चोखत असू. उमलताना पिवळे असलेले हे फूल परागण होऊन गेले की रंग बदलते आणि फुलपाखरे बहुधा पिवळ्या, ताज्या फुलांवरच उतरतात, हे मला फार उशिरा समजले. ते समजल्यावर तिच्याविषयीचे कौतुक वाढले, आणि सहा वर्षे तिच्याशी झगडूनही ते कमी झालेले नाही. तिचे काटे बाभळीच्या काट्यासारखे सरळ नसतात. चौकोनी खोडावर ते आकड्यांसारखे मागे वळलेले असतात, त्यामुळे जाळीत हात सहज आत जातो आणि बाहेर काढताना सोलवटून निघतो.

आमच्या जमिनीत ती आली कशी, याचे उत्तर मला आत्याकडून मिळाले. आजोबांनीच ती बांधावर लावली होती. रानडुकरे वरईत शिरत, गुरे नाचणीत तोंड घालत, आणि दगडी बांध घालायला माणूसबळ नव्हते. घाणेरीला गुरे सहसा तोंड लावत नाहीत, तिला पाणी लागत नाही, पावसात फांदी खोचली की जगते. गरीब शेतकऱ्याला याहून स्वस्त कुंपण कुठले मिळणार होते? आजोबा होते तोवर दर वर्षी पावसाळ्याच्या आधी कोयत्याने ते कुंपण छाटले जाई आणि छाटलेल्या फांद्या भाताचा राब भाजायला उपयोगी पडत. वडील १९६८ साली पिंपरीच्या कारखान्यात नोकरीला लागले, काका त्यांच्या मागोमाग आले, आणि १९८३ साली आजोबा गेले त्यानंतर वरकस जमिनीत कोणी नांगर घातला नाही. छाटणारा हात थांबला, तशी बांधावरची घाणेरी शेतात उतरली. आत्याच्या शब्दांत सांगायचे तर, "रान रिकामं दिसलं, ती बसली." मुळशी, मावळ, भोर, वेल्हे या सगळ्या पट्ट्यात ज्यांची माणसे शहरात गेली त्यांच्या पडीक रानांची कथा थोड्याफार फरकाने हीच आहे, आणि डोंगरउतारावर घाणेरी कुठे दाट आहे हे पाहिले की कोणाचे घर बंद आहे याचा अंदाज पुष्कळदा बरोबर येतो.

अर्थात आजोबांनी लावली तरी ती इथली नव्हे. तिचे मूळ उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेत आहे. सतराव्या शतकात डच लोकांनी ती युरोपात नेली, तिथल्या बागांतून आणि काचघरांतून तिचे असंख्य संकर तयार झाले, १७५३ साली लिनियसने तिला 'लँटाना कॅमरा' हे शास्त्रीय नाव दिले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ती कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात शोभेचे झुडूप म्हणून आली. तिथून ती देशभर पसरली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आपल्या देशात वाघ राहतात त्या वनक्षेत्राचा ४० टक्क्यांहून अधिक भाग घाणेरीने व्यापलेला असल्याचे म्हटले आहे. पुण्याला असे परके पाहुणे नवे नाहीत. ज्याला आपण गाजरगवत किंवा काँग्रेस गवत म्हणतो, त्याची भारतातली पहिली शास्त्रीय नोंद १९५६ साली आर. एस. राव यांनी प्रसिद्ध केली ती पुण्यातल्या नमुन्यांवरूनच. फरक एवढाच की गाजरगवत नकळत आले आणि घाणेरी आपण कौतुकाने आणली. आजही पुण्यातल्या रोपवाटिकांत तिच्या बुटक्या, नव्या रंगांच्या जाती विकल्या जातात आणि सोसायट्यांच्या बागांतून, रस्त्यांच्या दुभाजकांवर त्या लावल्या जातात. टेकडीवर जिचे निर्मूलन करण्यासाठी स्वयंसेवक घाम गाळतात, तिचेच भाईबंद खाली रस्त्यावर खत-पाणी घालून वाढवले जावेत, हे मला मुळीच पटत नाही.

पहिल्या वर्षी आम्ही जी चूक केली ती सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते, कारण तीच चूक मी आजूबाजूच्या जमिनींवर दर वर्षी होताना पाहते. मे महिन्यात जेसीबी बोलावला. दोन दिवसांत त्या यंत्राने मधला सगळा उतार खरवडून काढला, घाणेरीचे ढीग एका कडेला लोटले, आणि संध्याकाळच्या उन्हात ती उघडी तांबडी जमीन पाहून आम्हा दोघांना फार मोठे काम हातावेगळे झाल्यासारखे वाटले. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस आला. पहिल्याच मोठ्या सरीत वरची माती ओघळांनी ओहोळात गेली. जुलैत पाहिले तर उरलेल्या जमिनीवर घाणेरीची रोपे अक्षरशः पेरल्यासारखी उगवली होती, आणि यंत्राच्या दात्यांनी तोडून मातीत गाडलेल्या खोडांच्या तुकड्यांना फुटवे आले होते. वर्षानुवर्षे मातीत पडलेले बी त्या खणाखणीने वर आले, त्याला ऊन मिळाले, वर सावली धरणारे काहीच उरले नव्हते. यंत्राला घाणेरी आणि करवंद यांतला भेद कळत नाही, त्यामुळे जाळीच्या आत तग धरून राहिलेली करवंदे, तोरणी आणि धायटीही तिच्याबरोबर गेल्या. तो मधला उतार आजही आमच्या जमिनीतला सर्वांत दुबळा भाग आहे. त्यावर अजून नीट गवत धरत नाही.

खालच्या वाडीत एक वयोवृद्ध गृहस्थ राहतात, त्यांना सगळे तात्या म्हणतात. ते त्या ऑगस्टमध्ये गुरे घेऊन बांधावरून जात होते, आम्हाला कोयत्याने रोपांच्या शेंड्यांवर घाव घालताना पाहून थांबले आणि म्हणाले, "ताई, हिला वरून मारून भागत न्हाय. हिचा जीव मातीच्या खाली तीन बोटं हाय." मग त्यांनी टिकाव मागून घेतला, एका जुन्या झुडपाच्या बुडाशी बसून पालापाचोळा हाताने बाजूला केला आणि खोड जिथे मुळाला मिळते ती गाठ दाखवली. कोयत्याने वरून कापले की त्या गाठीतून एकाच्या जागी आठ-दहा कोंब येतात. टिकावाचा घाव गाठीच्या खाली, मुख्य मुळावर बसला पाहिजे. तो नेमका बसला की झुडूप सबंध उपटून येते आणि जमिनीत राहिलेल्या मुळाला पुन्हा फुटण्याचे बळ राहत नाही. पुढे वाचनात आले की दिल्ली विद्यापीठाचे प्राध्यापक सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात नेमकी हीच पद्धत शास्त्रशुद्ध रीतीने वापरली आहे. जमिनीखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर मुख्य मूळ तोडायचे आणि झुडूप उपटून मुळे आकाशाकडे करून उलटे ठेवायचे, असे ती पद्धत सांगते. तात्यांची तीन बोटे आणि त्यांचे सेंटिमीटर जुळलेले पाहून मला मनापासून आनंद झाला.

काम प्रत्यक्षात कसे चालते तेही सांगते. आम्ही दोघे शनिवारी पहाटे कोथरूडहून निघतो आणि चांदणी चौक, भूगाव, पिरंगुट करत सातच्या आत जमिनीवर पोहोचतो. जाळीला हात लावण्याआधी लांब काठीने ती चारही बाजूंनी झोडपायची, कारण आत घोणस किंवा फुरसे असू शकते. पायांत गुडघ्यापर्यंतचे बूट आणि हातांत चामड्याचे मोजे हवेतच. आधी कोयत्याने बाहेरच्या फांद्या कमरेच्या उंचीवर तोडून बुडाशी पोहोचण्यापुरती वाट करायची, तोडलेल्या फांद्या हाताने न उचलता बेळक्याने ओढायच्या, मग बुडाशी बसून टिकाव. गाठ सापडेपर्यंत घाई करायची नाही. उपटलेले झुडूप मोकळ्या मातीवर कधीही टाकायचे नाही, कारण ओल्या मातीला टेकलेल्या फांदीला पेऱ्यापाशी मुळे फुटतात. आम्ही ती कातळावर मुळे वर करून रचतो आणि पुरती वाळेपर्यंत त्यांना हात लावत नाही. दोघे मिळून दिवसाला एक गुंठा झाला तर तो दिवस चांगला समजायचा. वाडीतल्या दोन बायका मजुरीने येतात तेव्हा वेग वाढतो, आणि खरे सांगायचे तर कामाची प्रतही वाढते, कारण खुरप्याचा आणि टिकावाचा जो अंदाज त्यांच्या मनगटात आहे तो मला सहा वर्षांतही पुरता साधलेला नाही.

वेळ कोणती साधायची हाही प्रश्न आहे. मे महिन्यात जमीन दगडासारखी असते, मूळ तुटते पण उपटून येत नाही. पहिला पाऊस मुरल्यावर, जूनच्या अखेरीपासून माती सैल असते, आणि झुडूप मोठ्या प्रमाणावर फळावर येण्याआधीचे ते दिवस असतात. परंतु त्याच दिवसांत उतारावरची माती वाहून जाण्याचा धोका सर्वाधिक असतो. म्हणून दुसऱ्या वर्षापासून आम्ही सबंध उतार उघडा करणे सोडून दिले आणि उताराला आडवे असे चार-पाच पावलांचे पट्टे घेऊ लागलो. एक पट्टा काढायचा, त्याच्या खालचा तसाच ठेवायचा, म्हणजे सुटलेली माती खालच्या जाळीत अडते. काढलेल्या पट्ट्यात मारवेल गवताचे ठोंब लावायचे, आणि ते धरले की पुढच्या वर्षी खालचा पट्टा घ्यायचा. सुरुवात वरून करायची, कारण बी पाण्याबरोबर वरून खाली येते. खालचे आधी साफ केले तर वरचे बी त्यावर पुन्हा येऊन पडते. ज्या घाणेरीपासून जमीन सोडवायची तिलाच माती धरून ठेवण्याच्या कामाला दोन-तीन वर्षे लावायचे, हे मनाला पटवायला मला वेळ लागला.

काही आप्तांनी तणनाशक फवारण्याचा सल्ला दिला. तो मी मानला नाही. खाली ओहोळ आहे, ओहोळाच्या पुढे वाडीची विहीर आहे, आणि जाळीच्या आत कोणती देशी झुडपे आहेत हे फवारणाऱ्याला दिसत नाही. पेटवून देण्याचा सल्लाही मिळाला. वाळलेली घाणेरी भयंकर पेटते, त्या आगीत ऐन आणि मोईची लहान झाडे करपतात, आणि पावसात घाणेरी बुडातून पुन्हा फुटते. बाजूच्या डोंगरावर वणवा गेला होता. तीन वर्षांनी तिथे पूर्वीपेक्षा दाट जाळी उभी आहे.

मग किडे सोडून तिचा बंदोबस्त का होत नाही, हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे, आणि तो योग्य प्रश्न आहे. आजीच्या तोंडून मी लहानपणी फड्या निवडुंगाच्या कुंपणांबद्दल ऐकले होते. गावाभोवती फड्या निवडुंग इतका माजला होता की गुरांना वाट उरली नव्हती, आणि मग तो आपोआप मेला, असे ती सांगे. तो आपोआप मेला नव्हता. १९२६ साली श्रीलंकेतून एक पिठ्या ढेकणासारखा कोचिनिअल कीटक दक्षिण भारतात आणला गेला आणि काही वर्षांत त्याने निवडुंगाची मैलोन्‌मैल पसरलेली राने संपवली. त्याही आधी, १७९५ मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात लाल रंग मिळवण्याच्या आशेने ब्राझीलमधून त्याच जातकुळीतला एक चुकीचा कीटक आला होता. त्याच्यापासून चांगला रंग मिळाला नाही, पण निवडुंगाची एक जात मात्र त्याने खाऊन टाकली. एवढे उज्ज्वल उदाहरण घरात असताना घाणेरीवर तो प्रयोग झाला नसता तरच नवल. हवाईमध्ये त्यासाठी १९०२ साली मेक्सिकोहून कीटक नेले गेले. भारतात १९२१ मध्ये तिच्या फळांत वाढणारी एक लहान माशी आली, आणि १९४१ मध्ये टेलिओनेमिया नावाचा, पानांचा रस शोषणारा, जाळीदार पंखांचा ढेकूण ऑस्ट्रेलियातून देहरादूनला आणण्यात आला. तो सागाच्या फुलांनाही तोंड लावतो असे दिसल्यावर प्रयोगशाळेतली त्याची पैदास नष्ट केली गेली, परंतु तोवर तो बाहेर निसटला होता आणि पुढे देशात पसरला.

त्याने घाणेरी संपली नाही. उन्हाळ्यात पाने करड्या डागांनी भरतात, गळतात. पाऊस पडला की झुडूप नवी पाने घेऊन उभे राहते. फळातली माशी मुख्यतः गर खाते आणि बी बहुधा शाबूत राहते. याचे एक मोठे कारण युरोपातल्या त्या काचघरांत आहे. आपण घाणेरी म्हणतो ती एकच एक जात नसून अनेक संकरांचा गोतावळा आहे, आणि मूळ देशातल्या एखाद्या रानटी जातीवर वाढलेला कीटक या संकरांवर तितक्याच जोमाने वाढेल असे नाही. निवडुंग मेला म्हणून घाणेरीही मरेल, या आशेवर बसून राहण्यात अर्थ नाही असे माझे मत झाले आहे. निदान माझ्या हयातीत तरी टिकाव खाली ठेवता येणार नाही.

तिच्या विषाचा अनुभव आम्हाला तिसऱ्या वर्षी आला. गुरे तिला तोंड लावत नाहीत हे खरे, पण भुकेले किंवा नव्याने रानात आलेले जनावर लावते. एप्रिलच्या अखेरीस रानात हिरवे काही उरले नव्हते, आणि वाडीत नुकतीच विकत आणलेली एक कालवड आमच्याच बांधाशी दोन दिवस चरत होती. तिसऱ्या दिवशी तिने वैरण सोडली, शेण धरले, डोळे पिवळे पडले, आणि नाकपुडीची व कासेची कातडी उन्हाने भाजल्यासारखी फाटू लागली. घाणेरीतल्या लँटाडीन या विषाने यकृताचे काम बिघडते, पित्त बाहेर पडत नाही, आणि मग हिरव्या चाऱ्यातले काही घटक रक्तात साचून कातडीला ऊन सहन होत नाही. पशुवैद्यकांनी येऊन कोळशाची पूड पाण्यात कालवून पाजली, सलाइन लावले आणि तिला अंधाऱ्या गोठ्यात बांधायला सांगितले. सतरा दिवसांनी ती उठली. मालकाने आम्हाला एका शब्दाने दोष दिला नाही. पण ती जाळी आमच्या जमिनीतली होती, आणि त्या आठवड्यापासून शेजाऱ्याच्या वाटेला लागून असलेला सगळा बांध आम्ही इतर कामे बाजूला ठेवून आधी मोकळा केला. आपल्या मालकीच्या जमिनीत काय वाढू द्यायचे हा केवळ आपला प्रश्न राहत नाही, हे मला त्या गोठ्यात उभे असताना जितके स्पष्ट कळले तितके कोणत्याही पुस्तकाने कळले नसते.

उपटणे हा या कामाचा लहान भाग आहे. पुढचे चार-पाच पावसाळे त्याच जागी पुन्हा पुन्हा फिरणे हा मोठा भाग, आणि बहुतेक लोक तिथेच थकतात. जुलै ते ऑक्टोबर आम्ही दर पंधरा दिवसांनी प्रत्येक पट्टा पायाखाली घालतो. रोप दोन-चार पानांचे असताना ओल्या मातीतून दोन बोटांनी अलगद निघते. दिवाळीपर्यंत राहिले तर त्याला दोन्ही हात लागतात. पुढच्या वर्षावर गेले की टिकाव आणावा लागतो. लहानपणी त्याची रानतुळशीशी गल्लत होऊ शकते, कारण समोरासमोरची पाने आणि चौकोनी दांडा दोघींनाही असतो. पण पान चोळले की वास चुकत नाही. कुठे शोधायचे हेही आता कळू लागले आहे. काळी-जांभळी पिकलेली फळे बुलबुल, साळुंक्या आणि इतर पाखरे खातात आणि मग ज्या झाडावर बसतात त्याच्या खाली बी टाकतात. म्हणून मोकळ्या जागेत एकही रोप नसले तरी ऐनाच्या, बेहड्याच्या आणि विजेच्या खांबाच्या बुडाशी रोपांचा गठ्ठा असतोच. दुसरी जागा पाण्याच्या ओघळीची. या दोन जागा नीट राखल्या की बाकीची राखण पुष्कळ हलकी होते.

मोकळ्या झालेल्या जागेत पहिल्या वर्षी जे उगवले ते पाहून मन खट्टू झाले होते. टाकळा, गाजरगवत आणि रानमोडी. टाकळ्याची निदान भाजी होते, आणि त्याने जमीन झाकली याबद्दल मी त्याची ऋणी आहे. गाजरगवत आणि रानमोडी फुलावर येण्याआधी उपटली. दुसऱ्या वर्षी कुसळी आणि पवना दिसू लागले, मारवेलच्या ठोंबांनी मूळ धरले. ज्या पट्ट्यांत आम्ही यंत्र घातले नव्हते, तिथे घाणेरीच्या बुडाशी वर्षानुवर्षे वीतभर उंचीची होऊन राहिलेली करवंदाची आणि हेकळीची झुडपे होती. ऊन मिळताच ती अशी वाढली की तिसऱ्या वर्षी त्यांची स्वतंत्र जाळी झाली. मुरुडशेंग आली. तोडलेल्या ऐनाच्या बुंध्यांना धुमारे फुटले. आम्ही मुद्दाम लावले ते फारच थोडे. हिरडा, बेहडा, शिवण आणि आपटा यांची मिळून चाळीसेक रोपे, त्यांतली सव्वीस जगली आहेत. माझा अनुभव असा की मातीला खरवडले नाही आणि घाणेरीला परत येऊ दिले नाही, तर इथली झाडे आमच्या मदतीवाचून येतात. अर्थात आमच्या डोंगराच्या वरच्या अंगाला जुने रान अजून शिल्लक आहे, तिथून बी येते, हे आमचे भाग्य. जिथे आसपास काहीच उरलेले नाही तिथे लागवड करावीच लागेल.

चौथ्या वर्षीच्या जूनमध्ये तात्यांच्या घरातल्या आजी पहिल्या पावसानंतर आमच्या वरच्या पट्ट्यात वाकून काही खुडताना दिसल्या. जवळ जाऊन पाहिले तर ओच्यात फोडशीची कोवळी पाने होती. त्या म्हणाल्या, "हितं पूर्वी लई यायची. तुझ्या आजीसंगं मी खुडलीय." मला फोडशी तेव्हा ओळखता येत नव्हती. लसणासारख्या पात्याची ती भाजी कशी निवडायची, आतला पांढरा दांडा का काढून टाकायचा, हे त्यांनी तिथेच बसून दाखवले. कांदा आणि मुगाची डाळ घालून केलेली ती भाजी त्या रात्री कोथरूडच्या स्वयंपाकघरात शिजली, तेव्हा आत्याला फोन करून मी फक्त वास कसा आहे ते सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. फोडशीचे कंद चाळीस वर्षे घाणेरीच्या सावलीत तिथेच जमिनीत होते की वरच्या रानातून बी आले, ते मी ठरवू शकत नाही. ज्या जागेला मी सहा वर्षांपूर्वी पोटखराबा म्हणून ओळखत होते, तिथल्या भाजीची चव माझ्या आजीला माहीत होती.

उपटलेल्या घाणेरीचे करायचे काय, हे अजून मला नीट सुटलेले नाही. वाळलेली खोडे वाडीत सरपणाला जातात, सरळ काठ्या टोमॅटोच्या आधाराला जातात. कर्नाटकातल्या मले महादेश्वर डोंगरात सोलिगा समाजाचे लोक तिच्यापासून फर्निचर विणतात, आणि नीलगिरीच्या पायथ्याशी आदिवासी कारागिरांनी घडवलेले घाणेरीचे सबंध आकाराचे हत्ती देशोदेशी प्रदर्शनांत उभे राहिले आहेत. त्या हातांविषयी मला आदर आहे. आमच्याकडे मात्र काम करणारे चार हात आहेत, आणि ते टिकावाला पुरतात तेवढेच.

आता ओहोळाच्या काठचा शेवटचा मोठा पट्टा राहिला आहे, साधारण अकरा गुंठ्यांचा. यंदा जूनच्या अखेरीस तो घ्यायचे ठरले होते. काठीने जाळी झोडपण्याआधी मी नेहमीप्रमाणे वाकून आत पाहिले, तर छातीच्या उंचीवर, दोन काटेरी फांद्यांच्या बेचक्यात, वाळक्या काड्यांची वाटी होती आणि तीत लालबुड्या बुलबुलाची तीन पिल्ले चोची उघडून बसली होती. आमच्या ऐनाखाली जे दर वर्षी घाणेरी पेरतात, त्यांच्यापैकीच कोणाची तरी. आम्ही त्या जाळीभोवती दहा पावले जागा सोडली, फांदीला एक पांढरे फडके बांधले, म्हणजे मजुरीला येणाऱ्या बायकांनाही कळावे, आणि वरच्या अंगाला काम सुरू केले. पिल्लांना पिसे फुटली आहेत. येत्या शनिवारपर्यंत ती उडतील असे तात्या म्हणतात. त्यांनी टिकावाला नवा दांडा बसवून ठेवला आहे.